स्थळ बोईसरचं आहे

मुलीच्या लग्नासाठी आपण जे शोधतो, त्याला 'स्थळ' म्हणतो. मुलगा म्हणत नाही, घर म्हणत नाही. स्थळ! जुन्या माणसांनी हा शब्द उगाच नाही वापरात आणला. मुलगी नुसती नवऱ्याच्या घरी जात नाही, ती एका गावाला जाते. तिथलं पाणी, तिथली हवा, तिथला बाजार, रात्री घरी येण्याची वाट, सगळं तिच्या पदरात पडतं. क्रियापदसुद्धा बघा कसं आहे. थोरली कुठे दिली? नाशिकला दिली. धाकटी? ती कराडला दिली. पुरुष निदान नोकरीच्या निमित्ताने गाव निवडतात. आपल्याला बहुतेक वेळा गाव मिळतं.

म्हणून 'राहायला सर्वांत चांगलं शहर कोणतं' अशा याद्या पेपरात आल्या की मी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. २०१८ साली केंद्र सरकारने १११ शहरांची अशी यादी काढली होती. कारभार, सामाजिक सोयी, अर्थकारण आणि पाणी-रस्ते-घरं अशा चार खांबांवर ७८ कसोट्या लावल्या होत्या. त्यात पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. आपल्या महाराष्ट्राने पहिले तिन्ही नंबर मारले म्हणून मला भारी आनंद झाला होता. पुढच्या खेपेला, २०२१ च्या मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा मोठ्या शहरांत बंगळुरू वर गेलं, पुणे दुसरं आलं आणि लहान शहरांत सिमला पहिलं. जगाच्याही याद्या असतात. लंडनची एक संस्था १७३ शहरांना गुण देते. त्यात ऑस्ट्रियाचं व्हिएन्ना बरीच वर्षं पहिलं होतं, २०२५ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनने त्याला मागे टाकलं. स्थैर्य, आरोग्यसेवा, शिक्षण, संस्कृती-पर्यावरण आणि सोयीसुविधा या त्यांच्या कसोट्या.

आमचं नाव यातल्या कुठल्याच यादीत नाही. असणार कसं? मी राहते कुंभवलीत, बोईसरला लागून. बोईसर, सरावली, कोलवडे, पास्थळ, सालवड, पाम ही सगळी गावं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. इमारती शहरासारख्या, गर्दी शहरासारखी, कारखाने हजाराच्या वर, आणि कागदावर मात्र ग्रामपंचायती. इथे नगरपालिका हवी ही मागणी मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे.

पण एका यादीत आमचा पहिला नंबर आला होता हो! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक वसाहतींची हवा, पाणी आणि जमीन तपासून गुण देतं. त्यात जितके गुण जास्त, तितकं प्रदूषण जास्त. २०१८ च्या पाहणीत तारापूर वसाहतीला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले आणि आम्ही साऱ्या देशात पहिले आलो. बातमी आली त्या दिवशी भिशी होती. एक जण म्हणाली, "अगं, पेढे वाटायचे का?" सगळ्या हसल्या. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मी मूळची वाईची. कृष्णेचा घाट बघत मोठी झालेली. १९९१ साली मला इथे 'दिली', कारण मुलगा एमआयडीसीत कायम नोकरीत होता. 'कायम' या शब्दाला तेव्हा सोन्याचा भाव होता. वडिलांनी पगार विचारला, घर स्वतःचं का विचारलं, पण वारा कुठल्या बाजूने वाहतो हे विचारायचं त्यांच्याही मनात आलं नाही. कसं येणार? वाईत वारा हा विषयच नव्हता.

इथे आल्यावर कळलं की हा पट्टा म्हणजे शेजारी शेजारी मांडलेली चार वेगवेगळी गावं आहेत. मूळची वाडवळ, मांगेला, भंडारी, आदिवासी माणसं. त्यांच्या वाड्या, त्यांच्या विहिरी. दुसरं, अणुवीज केंद्राच्या लोकांची कॉलनी. तारापूरचं केंद्र १९६९ पासून चालू आहे, देशातलं पहिलं. कॉलनीत सरळ रस्ते, सावली, स्वतःची शाळा, स्वतःचा दवाखाना. तिसरी, कारखान्यांच्या जोरावर आलेली आमच्यासारखी कुटुंबं, कुणी खानदेशातून, कुणी साताऱ्या-सांगलीकडून. आणि चौथी, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली, चाळीच्या एका खोलीत संसार थाटणारी. आणखी एक जमात आहे, ती इथे राहत नाही. सकाळच्या गाडीने मुंबईहून येते, मोठ्या खुर्चीवर बसते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. पोट इथे, घर तिथे. मला वाटतं, एखादं गाव राहायला कसं आहे हे ओळखायची ही एक सोपी खूण आहे. तिथे कमावणारे साहेब तिथे बिऱ्हाड करतात का, एवढं बघावं.

पूर्वी इथून मुंबई म्हणजे शटल पकडून विरार, तिथे लोकल. ठाण्याला कलेक्टर कचेरीत काम निघालं की दिवस गेला, कारण दादरला गाडी बदलून पुन्हा उलटं जायचं. जातीचा दाखला काढायला गेलेल्या बायका डबा, पाण्याची बाटली आणि कडेवरचं मूल घेऊन जायच्या आणि 'साहेब मीटिंगला' ऐकून परत यायच्या. १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, राज्यातला छत्तिसावा. २०२१ पासून जिल्ह्याचं मुख्यालयच पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आलं आहे. ज्यांना कधी दाखल्यासाठी हिंडावं लागलं नाही त्यांना यातलं सुख कळायचं नाही. कुठल्याही यादीत 'सरकारी कचेरीतून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं का' ही कसोटी नाही. खरं तर असायला हवी.

दिव्याखाली अंधार ही म्हण तर आमच्यासाठीच केलेली. २००५-०६ साली तारापूरला ५४० मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले, आणि त्याच सुमारास राज्यभर भारनियमन चालू होतं. केंद्राची वीज दूरवर जायची आणि आम्ही मुलांचा अभ्यास मेणबत्तीवर घ्यायचो. या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही समुद्राकाठची गावं उठवली गेली. समुद्राकाठी जन्म गेलेल्या बाईला नवं घर मिळालं तरी निवटी-कालवं वेचायची खाडी पिशवीत घालून नेता येत नाही. अणुकेंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूत आणीबाणीची रंगीत तालीमही होते. घरात थांबा, दारंखिडक्या लावा असं त्यात शिकवतात. ते आम्हाला आधीच येतं. पावसाळ्यातल्या कुंद रात्री, हवा हलत नाही तेव्हा, नाकाला उग्र वास झोंबतो आणि आपोआप हात खिडकीकडे जातो. माझी मुलं लहान होती तेव्हा झोपेत खोकू लागली की मी ओला पंचा खिडकीच्या फटीला लावायची.

२०१८ च्या ८ मार्चला आमचा महिला दिन होता. संगीत खुर्ची झाली, पाककृती स्पर्धा झाली, मला कोथिंबीरवडीला दुसरा नंबर मिळाला. त्याच रात्री अकराच्या पुढे वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला. तीन माणसं गेली. कितीतरी किलोमीटरवरच्या घरांच्या खिडक्या हादरल्या, भूकंप समजून लोक रस्त्यावर आले. पुढे ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याजवळ स्फोट झाला, त्यात आठ जण गेले. माझ्या शिवणाच्या क्लासला येणाऱ्या मुलींपैकी निम्म्या जणींच्या घरचं कोणी ना कोणी वसाहतीत पाळीवर असतं. आवाज झाला की आधी मोबाईल. लागला तर जीव भांड्यात.

एवढं असून आम्ही इथे का राहतो? भिशीत मी हा प्रश्न मुद्दाम टाकला. उत्तरं ऐका.

बिहारहून आलेली एक शेजारीण म्हणाली, "दीदी, उधर मैं घर के बाहर नहीं निकलती थी. इधर मैं कमाती हूँ." ती पॅकिंगला जाते, बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं आहे. वास तिलाही येतो. पण तिला पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने घेतलेली साडी जास्त आठवते. आमच्या समोरच्या वहिनी म्हणाल्या, इथे कुणी कुणाला जात विचारत नाही, खोलीभाडं विचारतात. छटपूजा, गणपती, नवरात्र सगळं एकाच नाक्यावर होतं. भाजी घेऊन येणारी आदिवासी मावशी दारातच बसली होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "माना कनचा गाव? माझा तं ह्योच." आमच्यात ती एकटीच अशी की तिला इथे कुणी दिली नाही, कुणी आणली नाही. गावच तिच्याभोवती बदलत गेलं.

ही मावशी म्हणजे माझ्या दृष्टीने या भागाचं वैभव आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे ती शेवळं घेऊन येते, आणि बरोबर मूठभर काकडं, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग करटोली, मग रानअळू. सातपाटीचा सरंगा, चिंचणीचा बाजार, केळव्याची पानं, थंडीत वाडवळ घरातून येणारी उकडहंडी, घोलवडचे चिकू, डहाणूच्या महालक्ष्मीची चैत्री जत्रा. वाईहून आलेल्या बाईला हे सगळं नवं होतं. आता वाईला गेले की दोन दिवसांत मला ओल्या बोंबलाची आठवण येते. माझी आई हे ऐकून कपाळावर हात मारायची.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचलं. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, गुरं राखायला जातात तर कुरणात नेऊ, असा त्यांचा विचार. आज गावोगाव ज्या अंगणवाडीत आपण लेकरं सोडतो, त्या शब्दाची मुळं या मातीत आहेत. अनुताई तर बालविधवा. त्यांनाही समाजाने कुठेतरी कोपऱ्यात बसवून ठेवलं असतं. या दोघींना इथे कुणी 'दिली' नव्हती. त्यांनी हे गाव निवडलं, आणि ते चांगलं होतं म्हणून नव्हे!

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी मुलगी पुण्याला, वाघोलीला दिली. यादीतल्या पहिल्या नंबरच्या शहरात. घर देखणं, लिफ्ट, बाग, मुलांना घसरगुंडी. आणि उन्हाळा लागला की पाण्याचे टँकर. तिचा फोन आला की पहिलं वाक्य 'आज टँकर आला' किंवा 'आज नाही आला'. शेजारी कोण राहतं ते दोन वर्षांनी कळलं, तेही चुकीचं पार्सल दारात आलं म्हणून. मी पुण्याला नावं ठेवत नाही. आजारी पडल्यावर तिथे दहा मिनिटांत हव्या त्या डॉक्टरकडे पोचता येतं, आणि आमच्याकडे अवघड दुखणं निघालं की सिल्वासा, वलसाड नाहीतर मुंबई. रुग्णवाहिकेत बसल्यावर महामार्ग किती लांब आहे ते कळतं. याबाबतीत पुण्याला पैकीच्या पैकी गुण, आणि आम्हाला द्यायचे तर मी फार हात आखडून देईन.

मुलगा मात्र इथेच, औषधाच्या कारखान्यात, तपासणी विभागात. एकोणतीस वर्षांचा. गेली दोन वर्षं स्थळं बघतो आहोत. पत्रिका जुळते, पगार पटतो, फोटो आवडतो, आणि मग फोनवर विचारलं जातं, "राहायला कुठे?" बोईसर म्हटलं की पलीकडचा आवाज बदलतो. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "तुमच्याकडे तो वायू सुटतो ना हो?" दुष्काळी भागात पाणी नाही म्हणून मुली देत नाहीत हे आपण पेपरात वाचतो. आमच्याच जिल्ह्यात मोखाडा-जव्हारकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात टँकर लागतात. पण हवेसाठी मुलगी नाकारली जाते आहे, ही नवी गोष्ट. माझा मुलगा हसून म्हणाला, "आई, माझ्या पत्रिकेत मंगळ नाही, एमआयडीसी आहे."

गेल्या वर्षी नाशिकचं एक स्थळ आलं. मुलगी लॅब टेक्निशियन. तिची आई पगाराचं विचारत होती, तेवढ्यात मुलीने फोन घेतला. म्हणाली, "काकू, मला तीन गोष्टी सांगा. मला तिथे नोकरी मिळेल का? रात्री साडेनऊला स्टेशनवर उतरले तर एकटी घरी येऊ शकेन का? आणि तुम्ही पाणी कुठलं पिता?"

सरकारच्या ७८ कसोट्या एकीकडे आणि या तीन एकीकडे. पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं, हो. दुसऱ्यासाठी म्हटलं, थांब, बघून सांगते. त्या रात्री मी आणि मुलगा साडेनऊच्या गाडीच्या वेळेला स्टेशनवर गेलो. तिथून शेअर रिक्षा मिळाली, नाक्यापर्यंत वर्दळ, दुकानं उघडी. पुढे घरापर्यंतचा तुकडा मात्र काळोखाचा. इतकी वर्षं राहून मी त्या वेळी तो रस्ता एकटीने चालले नव्हते, कारण यांच्याबरोबर तरी असायची किंवा सातच्या आत घरात. दुसऱ्या दिवशी भिशीत सांगितलं, तर पॅकिंगला जाणारी शेजारीण म्हणाली, "मैं तो रोज आती हूँ." कशी येतेस? तर मोबाईलवर मोठ्याने बोलत, कुणीही पलीकडे नसताना.

गावसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. तिथे आम्ही एकवीस जणी गेलो. बायका लेखी अर्ज घेऊन येतात हे बघून पुरुष मंडळी जरा सावरून बसली. दिवे मागितले. चार महिन्यांत सात दिवे लागले. मी ते पहिल्या रात्री मोजले आणि नाशिकला फोन करून सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "आणि पाण्याचं?"

पाण्याचं उत्तर सोपं नाही. आम्ही वीस लिटरचे जार विकत घेतो, हे तिला सांगितलं. पण नवी नवरी आले तेव्हा शेजारच्या वाडवळ काकूंच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी भरायची मी. त्या पाण्यात तुरीची डाळ पहिल्या वाफेला लोण्यासारखी शिजायची. पुढे पुढे डाळ बोटचेपी राहू लागली, चहाला वेगळी चव येऊ लागली, एका पावसाळ्यात पाण्यावर रंगीत तवंग दिसला. काकूंनी विहिरीवर जाळी बसवली आणि पाणी झाडांना घालायला लागल्या.

वसाहतीतलं सांडपाणी एकत्र करून शुद्ध करायचं केंद्र आहे. तिथून ते नळाने नवापूरला समुद्रात जातं. केंद्राची ताकद दिवसाला अडीच कोटी लिटरची आणि येणारं पाणी त्याहून जास्त, असं वर्षानुवर्षं चाललं. उरलेलं नाल्यात. मग खाडीतले मासे मरून वर यायचे. याविरुद्ध २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. म्हणजे मासेमारी करणारी माणसं! २०२२ च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांना कोट्यवधी रुपये भरायला सांगितले. कारखानदार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच कोटी लिटरचं नवं केंद्रही झालं आहे. पण जमिनीत मुरलेलं पाणी कोर्टाच्या तारखा पाळत नाही.

सध्या आमच्याकडे नवा वारा आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झालं, ७६ हजार कोटींचा प्रकल्प. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार आहे. नवीन इमारतींच्या जाहिरातींवर 'बुलेट ट्रेन स्टेशनपासून काही मिनिटांवर' असं छापलेलं असतं, आणि चित्रात हिरवीगार झाडं आणि कारंजं. बंदराला मच्छीमार बायकांचा विरोध आहे, नोकऱ्या येतील म्हणून आमच्यातल्याच कितीक जणींना आशा आहे, आणि कधी कधी हे दोन्ही एकाच घरात असतं. मला विचाराल तर जाहिरातीतल्या कारंज्यात कुठलं पाणी आहे तेवढं आधी सांगा.

नाशिकचं स्थळ अजून तुटलेलं नाही आणि ठरलेलंही नाही. ती मुलगी म्हणाली, "काकू, मी श्रावणात दोन दिवस येऊन राहते. ऐन पावसात. चालेल?" तिची आई मागून ओरडत होती, अगं, मुलीने का बघायला जायचं असतं! मी म्हटलं, चालेल, वरची खोली रिकामीच आहे.

ती यायच्या आत एक काम करून टाकलं. काकूंना म्हटलं, विहिरीची जाळी काढू या. काकूंचं वय आता ऐंशीच्या पुढे, पण पोहरा त्यांनीच सोडला, कितीवर पाणी लागतं ते त्यांच्या हाताला ठाऊक आहे. पहिले दोन पोहरे ओतून दिले, तिसरा मी प्रयोगशाळेच्या बाटलीत भरला, झाकण लावलं आणि वर तारीख लिहिली. काकूंनी बाटली उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "यात डाळ शिजंल का ते पण सांगतात काय गं ते?" अहवाल पंधरा दिवसांनी मिळणार आहे.